वाळवंटातल्या मेळ्यासाठी टेंट कसा निवडायचा: जाळीपासून खुंटीपर्यंत, क्रमाने

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची बरीच मंडळी हल्ली वाळवंटातल्या मेळ्यांना स्वतःचा टेंट घेऊन जायला लागलीत. कोणी घोड्यांच्या नादाने पुष्करला जातं, कोणी जैसलमेरच्या मरू महोत्सवाला, आणि आपल्याकडची जी पोरं-पोरी अमेरिकेत नोकरीला आहेत त्यातले काही जण नेवाडातल्या बर्निंग मॅनला. जागा वेगवेगळ्या, पण चूक सगळीकडे तीच. सह्याद्रीत पावसाळ्यात वापरलेला, नाहीतर दुकानदाराने "वॉटरप्रूफ आहे, डोळे झाकून घ्या" म्हणून गळ्यात मारलेला टेंट तसाच बॅगेत भरून नेतात. मग पहिल्याच वाऱ्याच्या रात्री अंथरुणावर, तोंडावर, पाण्याच्या बाटलीवर फुफाट्याचा थर बसतो आणि सकाळी ८ वाजल्यापासून आत बसवत नाही.

पावसाळी टेंट हा पाणी वरून येणार असं धरून शिवलेला असतो. धूळ खालून येते आणि आडवी येते. एवढी एक गोष्ट डोक्यात ठेवून खरेदी केली तर खाली लिहिलेलं बाकी सगळं आपोआप लक्षात येईल. क्रम मात्र मोडू नका, कारण बहुतेकांचा घोटाळा क्रमातच होतो, आधी टेंट घेतात आणि मग विचारतात की जमीन कशी आहे.

## १. आधी जागा, मग टेंट

तीन गोष्टी लिहून काढा: जमीन कसली आहे, दिवसा-रात्री तापमान किती असतं, आणि सामान कशाने नेणार.

पुष्करचा मेळा कार्तिक पौर्णिमेच्या आसपास, म्हणजे ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबर. दिवसा ऊन चांगलंच लागतं, रात्री गारवा, आणि हजारो जनावरांच्या पायांनी उडालेली धूळ दिवसभर हवेत. सारंगखेड्याच्या यात्रेत तापीकाठी घोडेबाजारात जे राहिलेत त्यांना ही धूळ वेगळी सांगायला नको.

जैसलमेरचा मरू महोत्सव माघ पौर्णिमेला येतो. तिथे उन्हापेक्षा रात्रीची थंडी जास्त त्रास देते आणि जैसलमेरजवळच्या सम गावाकडे खाली खरी मोकळी वाळू आहे, खुंटी हाताने खुपसली तर हातानेच निघते.

बर्निंग मॅन अमेरिकेत लेबर डेच्या आधीच्या आठवड्यात होतं, म्हणजे ऑगस्ट अखेर ते सप्टेंबरचा पहिला सोमवार. ते जिथे भरतं ते ब्लॅक रॉक हे वाळूचं वाळवंट नाहीच, तो आटलेल्या तलावाचा तळ आहे, समुद्रसपाटीपासून साधारण १,२०० मीटर उंचीवर. जमीन आपल्या उन्हाळ्यातल्या तापलेल्या काळ्या रानासारखी टणक, आणि पाऊस पडला की तशीच चिकट. दिवसा पारा ३८ च्या पुढे जातो, रात्री १० अंशांच्याही खाली येऊ शकतो, वाऱ्याचे झोत ताशी १०० किलोमीटरच्या वर जाऊ शकतात, आणि धूळ पिठापेक्षा बारीक आणि क्षारयुक्त असते.

कच्छच्या रणोत्सवाला जाणारे पण विचारतात म्हणून सांगतो, धोरडोला टेंट सिटी तयारच असते, तिथे आपला टेंट नेण्यात अर्थ नाही.

तपासा: तुम्ही जाताय तिथे स्वतःचा टेंट लावायला परवानगी आहे का, कुठल्या भागात आहे, आणि जमिनीत खुंट्या ठोकू देतात का. हे न विचारता निघालात तर पुढचं सगळं वाया.

## २. जाळी बघा, सगळ्यात आधी जाळीच बघा

हा मुद्दा लांबणार आहे, कारण इथेच टेंट पास किंवा नापास होतो.

साधारण टेंटला दोन थर असतात. आतला खोलीवजा भाग आणि त्यावरचं पांघरूण, ज्याला फ्लाय म्हणतात. आतल्या भागाचा वरचा अर्धा हिस्सा बऱ्याचदा नुसती मच्छरदाणीची जाळी असतो, कारण पावसाळी थंडीत श्वासाची वाफ बाहेर पडली पाहिजे. आणि फ्लाय जमिनीपर्यंत टेकत नाही, खाली १०-१५ सेंमी फट असते, तीही हवा खेळावी म्हणूनच ठेवलेली. आता वारा सुटल्यावर काय होतं बघा. वारा त्या फटीतून आत घुसतो, दोन थरांच्या मधून वर चढतो, जाळीतून आत येतो, आत आला की त्याचा जोर मरतो आणि जोर मेला की त्याने आणलेली सगळी धूळ खाली बसते, म्हणजे बरोब्बर झोपलेल्या माणसावर. जाळी कितीही बारीक असली तरी ती डासासाठी आहे, फुफाट्यासाठी नाही.

म्हणून दुकानात टेंट उघडून बघायचा आणि आत बसून प्रत्येक जाळीवर हात ठेवून एकच प्रश्न विचारायचा, हिच्यावर कापडाचा पडदा आहे का आणि तो आतून चेनने पूर्ण बंद होतो का. फ्लायने झाकली जाते हे उत्तर चालणार नाही. दोरीने गुंडाळून बांधायचा पडदाही चालणार नाही कारण त्याच्या कडेने फट राहते. चेनने चारही बाजूंनी बंद झाला पाहिजे.

असा टेंट मिळत नसेल किंवा घरात आधीच एक टेंट आहे आणि नवीन घ्यायचा नाही, तर टेलरकडे जा. जाळीच्या मापाचे तुकडे घट्ट विणीच्या कापडाचे बेतून घ्या, जाड मांजरपाट चालतं. तीन बाजू पक्क्या शिवायच्या आणि चौथ्या बाजूला चेन किंवा वेल्क्रो. छताच्या जाळीवर मात्र पूर्ण पक्कं शिवून टाकू नका, तिथे उघडझाप ठेवा. टेलरला टेंटच घेऊन दाखवा, कागदावर माप देऊन हे जमत नाही, जाळी ताणलेली असताना तिचा आकार वेगळा असतो.

दुसरा मार्ग जाड सुती कॅनव्हासचा बेल टेंट. मधे एक खांब, गोल आकार, एकच थर. कापड श्वास घेतं, धूळ बऱ्यापैकी अडवतं, आत बरं वाटतं. पण वजन भयंकर, ५ मीटर व्यासाचा असेल तर २५-३० किलोच्या घरात जातो, तेव्हा स्वतःची गाडी असेल तरच. चार-पाच जण मिळून पुष्करला पिकअपने जात असाल तर माझं मत याच्याच बाजूने आहे.

फ्लायच्या खालच्या कडेला जमिनीवर लोळणारी झालर असलेले टेंट पण मिळतात, ती चांगली सोय आहे, वर वाळू टाकली की फट बंद. नसेल तर हाताच्या रुंदीची पट्टी टेलरकडून त्याच वेळी लावून घ्या.

सांभाळा: सगळं बंद म्हणजे डबाबंद नाही करायचं. वाऱ्याच्या उलट्या बाजूची वरची एक छोटी खिडकी वादळातही बोटभर उघडी राहू द्या. आणि आत स्टोव्ह, शेगडी, कोळसा काहीही पेटवायचं नाही, चहासाठी सुद्धा नाही. बंद टेंटमध्ये कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, आणि माणूस झोपेतच जातो.

## ३. माप आणि आकार

लेबलवर "२ माणसं" लिहिलंय म्हणजे दोन माणसं खेटून झोपतात एवढंच. मेळ्यात सामान आतच ठेवावं लागतं, बाहेर ठेवलं तर धुळीत जातं, म्हणून दोघांसाठी ४ माणसांचा, चौघांसाठी ६ किंवा ८ चा बघा.

उंचीचा मोह आवरा. सरळ उभ्या भिंतींचे खोलीवजा टेंट फोटोत छान दिसतात पण वाऱ्याला ती सरळ भिंत म्हणजे शिडाचं कापड. घुमटाकार घ्या, ज्यात काठ्या एकमेकींना छेदून जातात, दोन काठ्या किमान, तीन असतील तर उत्तम. झटक्यात उघडणारे पॉप-अप टेंट वाऱ्यात वाकतात आणि घडी घालून झाली की त्यांची मोठी गोल थाळी होते जी रेल्वेच्या बर्थखाली जात नाही, तेव्हा ते घरच्या अंगणापुरते ठीक.

दार दोन बाजूंना असेल तर फार बरं, वारा फिरला की दार बदलता येतं.

## ४. कापड आणि रंग

इथे लोक पैसे चुकीच्या जागी घालतात. लेबलवर पाण्याच्या दाबाचा आकडा मिलिमीटरमध्ये असतो. फ्लायला १,५०० ते २,००० पुरेसा आहे, ५,००० वाला महागडा घेऊन इथे काहीच जास्त मिळत नाही. पण अगदीच पाणी न अडवणारा पण घेऊ नका. २०२३ ला ब्लॅक रॉकमध्ये ऐन मेळ्याच्या शेवटी पाऊस पडला, चिखलात गाड्या हलेनात, रस्ता बंद केला आणि लोकांना अन्नपाणी जपून वापरायला सांगावं लागलं.

नायलॉन आणि पॉलिस्टर यात निवडायचं तर पॉलिस्टर. ऊन खाऊन नायलॉन लवकर कुजतं, शिवाय ओल धरली की सैल पडतं.

रंग बाहेरून फिकट हवा, पांढरा, क्रीम, फिकट राखाडी. गडद निळा-हिरवा दूरच ठेवा. आणि नुसता फिकट रंगही पुरत नाही, कापड पातळ असेल तर ऊन आरपार येतं. हल्ली बाहेरून पांढरे आणि आतून काळा लेप दिलेले टेंट मिळतात, डिकॅथलॉनचे फ्रेश अँड ब्लॅक त्यातलेच. सकाळची झोप लागणार असेल तर हे पैसे वसूल होतात, कारण मेळ्यात माणूस झोपतोच पहाटे.

तपासा: दुकानाच्या दारात या, फ्लाय उन्हात धरा आणि मागे आपला पंजा ठेवा. बोटं मोजता आली तर ते कापड पातळ आहे.

## ५. काठ्या आणि चेन

काठ्या अ‍ॅल्युमिनियमच्या. स्वस्त टेंटला फायबरग्लासच्या असतात, त्या वाकवाकून उभ्या चिरतात आणि त्याची कुसळं हातात घुसतात. काठी दुरुस्तीची नळी सोबत आली आहे का बघा, तुटल्या जागेवर सरकवून टेपने गुंडाळली की काम चालतं, नसेल तर वेगळी घ्या.

चेन मात्र नीट बघा. धुळीत टेंटचं पहिलं काय मरत असेल तर चेन. मोठ्या दातांची, रनर दोन, आणि शक्यतो सरळ रेषेत जाणारी. दाराच्या कोपऱ्यात काटकोनात वळणारी चेन तिथेच अडकते आणि अंधारात घाईत ओढली की तिथेच फाटते. दुकानात दहावेळा उघडझाप करा, दुकानदार काय म्हणेल त्याचा विचार करू नका. सोबत जुना दात घासायचा ब्रश ठेवायचा, रोज कोरड्यानेच चेनचे दात साफ करायचे. खोबरेल तेल, ग्रीस काही लावू नका, त्याला धूळ चिकटून चिखल होतो आणि मग रनर हलतच नाही. फारच जड चालत असेल तर मेणबत्ती हलकी फिरवून फडक्याने पुसून घ्या.

## ६. खुंट्या: टेंटसोबत आलेल्या घरीच ठेवा

टेंटच्या पिशवीत तारेच्या, वीतभर लांबीच्या ज्या खुंट्या येतात त्या ओल्या मातीसाठी आहेत. वाळूत त्या धरत नाहीत आणि टणक जमिनीत वाकतात. उडून गेलेले टेंट जे बघायला मिळतात ते बहुतेक याच कारणाने, कापड फाटून नाही.

टणक जमीन असेल तर वेल्डिंगवाल्याकडे जा. १० किंवा १२ मिमीची सळई, प्रत्येक तुकडा दीड ते दोन फूट, खाली टोक, वर छत्रीच्या मुठीगत वाक. आमच्याकडचा वेल्डिंगवाला पहिल्यांदा ऐकून म्हणाला, "भो, टेंट बांधायचाय का म्हैस?" आणि त्याने स्वतःच वरचा वाक जमिनीला लागेपर्यंत लांब काढून दिला, म्हणजे दोरी निसटणार नाही आणि पायाला टोकही लागणार नाही. तसाच करून घ्या, टोक वर उघडं राहू देऊ नका. रात्री अंधारात नडगीला सळई लागली तर टाके पडतात. वर उघडं टोक राहिलंच तर त्यावर जुना टेनिस बॉल चीर पाडून बसवा.

किती लागतील ते मोजा: टेंटचे कोपरे, फ्लायच्या दोऱ्या, सावलीच्या नेटच्या दोऱ्या, वर चार जास्तीच्या. टेंटला जेवढ्या जागी दोरीची कडी आहे तेवढ्या सगळ्या बांधायच्या, "एवढ्या कशाला" म्हणून सोडायच्या नाहीत.

ब्लॅक रॉकला जाणाऱ्यांनी सळया इथून न्यायची गरज नाही, तिथल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. तिथले जुने लोक फूटभर लांबीचे जाड आटे असलेले बोल्ट बॅटरीच्या ड्रिलने जमिनीत पिळतात आणि निघताना उलटे फिरवून काढतात. हे मला जास्त पटतं, कारण आठवडाभर टणक मातीत बसलेली सळई उपसून काढणं हे शेवटच्या दिवशी थकलेल्या माणसाचं काम नाही.

मोकळी वाळू असेल तर लांब सळईचाही उपयोग नाही, तिथे वजन पुरायचं. रिकामी गोणी घ्या, वाळूने अर्धी भरा, तोंड बांधा, मधोमध दोरी बांधून ती दीड-दोन फूट खड्ड्यात आडवी पुरा, वर वाळू टाकून पायाने चांगली तुडवा आणि दोरीचं टोक वर काढा. शेतकऱ्याच्या घरात रिकाम्या गोण्यांना तोटा नाही, पण धुतलेल्या आणि नवीनच घ्या. उन्हात पडून जीर्ण झालेली प्लास्टिकची गोणी हातात आली की तिचे धागे सुटतात आणि वाळूभर होतात. येताना सगळ्या उकरून परत आणायच्या.

दोरी ४ ते ५ मिमीची, भडक रंगाची. टेंटची मूळ दोरी बुटाच्या नाडीएवढी असेल तर बदलून टाका.

सांभाळा: विमानाने जाणार असाल तर खुंट्या, हातोडा, सळया हातातल्या बॅगेत चालत नाहीत, चेक-इनमध्ये टाका.

## ७. सावली वेगळी उभी करा

टेंट कितीही चांगला असला तरी थेट उन्हात उभा असलेला बंद टेंट तापणारच, त्याला कोणी काही करू शकत नाही. म्हणून टेंटच्या वर दुसरी सावली लागते आणि ती टेंटला चिकटलेली नको, मधे किमान फूट-दीड फूट मोकळी हवा खेळली पाहिजे.

यासाठी आपल्या भागासारखी सोय कुठे नाही. कोणत्याही कृषी केंद्रात शेडनेट मिळतं, रोपवाटिकावाले वापरतात तेच. ७५ टक्क्यांचं घ्या. ५० चं ऊन फार सोडतं, ९० चं वारा फार अडवतं. पॉलीहाऊसवाल्यांकडे चंदेरी परावर्तक नेट मिळालं तर आणखी चांगलं, ते ऊन परत फेकतं, काळं नेट स्वतः तापतं.

लोक पैसे वाचवायला निळी ताडपत्री बांधतात. नका बांधू. ताडपत्रीतून वारा जात नाही, ती फुगते, खांब उपटते आणि जाऊन शेजाऱ्याच्या टेंटवर पडते. नेटमधून वारा जातो म्हणून ते टिकतं. नेटच्या कडेला पट्टी शिवून दर दोन-अडीच फुटावर रिंग मारून घ्या, नुसत्या जाळीला गाठ मारली की ती फाटत जाते. आणि नेटचे खांब, दोऱ्या, खुंट्या सगळं टेंटपासून स्वतंत्र, एक पडलं तर दुसरं उभं राहिलं पाहिजे.

नेट कोणत्या बाजूने खाली उतरवायचं? पूर्वेकडून. सगळे दुपारच्या उन्हाचा विचार करतात पण दुपारी तुम्ही टेंटमध्ये नसताच, झोपमोड करतं ते सकाळचं ऊन.

कूलरबद्दल पण विचारतात. कोरड्या हवेत आपला पाण्याचा कूलर भारी चालतो, हे खानदेशात कोणाला पटवायला नको. वीज आणि पाण्याची सोय असेल तर छोटा कूलर बाहेर सावलीत ठेवून पाइपने हवा आत सोडा. आत हवेचा थोडा दाब तयार होतो आणि फटीतून हवा बाहेर ढकलली जात राहते, त्यामुळे धूळही कमी शिरते. हवा बाहेर जायला एक तोंड मात्र ठेवा.

## ८. घरी चाचणी, तीही उन्हाळ्यात

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. टेंट हॉलमध्ये पंख्याखाली एकदा उघडून बघतात आणि "झालं" म्हणतात. एप्रिल-मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ ला टेकतो, याच्याहून कडक परीक्षा कुठल्या मेळ्यात होणार नाही. टेंट घेऊन वावरात जा.

पहिली परीक्षा उन्हाची. दुपारी १२ ते ३ मधे टेंट शेडनेटशिवाय उभा करा, आत आणि बाहेर सावलीत एकेक थर्मामीटर टांगा, अर्ध्या तासाने बघा. मग नेट टाका आणि परत बघा. तो फरक डोळ्यांनी बघितला की नेट घरी ठेवून जायची बुद्धी होणार नाही. आत बसून राहू नका, लहान मुलांना तर अजिबात पाठवू नका, थर्मामीटर ठेवून बाहेर या.

दुसरी परीक्षा धुळीची, आणि हीच खरी. टेंटमध्ये खाली काळी किंवा गडद चादर ताणून अंथरा. सगळे पडदे, चेन बंद. बाहेर गाडीवाटेवरचा मऊ फुफाटा पाटीभर आणा, फवारणीचा पाठीवरचा ब्लोअर असतो त्यातलं औषध पूर्ण धुऊन, कोरडा करून त्याची नुसती हवा सोडा आणि दुसऱ्याने फुफाटा त्या झोतात सोडत जायचा, आधी खालच्या फटीच्या बाजूने, मग दाराच्या, मग मागच्या. दोघांनीही मास्क आणि गॉगल लावूनच. पाच-दहा मिनिटांनी आत जाऊन चादर बघा. धूळ सारखी पसरलेली असेल तर जाळीतून आली. एका रेषेत असेल तर त्या रेषेच्या वरची शिलाई किंवा चेन गळतेय. कोपऱ्यात ढीग असेल तर तळाच्या शिवणीत भोक आहे. खडूने खूण करा, टेलरकडे न्या, परत तीच परीक्षा घ्या. चादर जवळजवळ कोरी निघेपर्यंत हे करायचं, अगदी कोरी कधीच निघणार नाही.

तिसरी, अंधाराची. रात्री एकाने आत टॉर्च लावून शिवणीवरून फिरवायचा, दुसऱ्याने बाहेरून बघायचं, जिथून ठिपका दिसेल तिथे पट्टी.

चौथी म्हणजे उभारणी. दोघांनी गॉगल-मास्क-हातमोजे घालून, न बोलता, टेंट उभा करायचा. वादळात एकमेकांचं ऐकू येत नाही. कोणी कोणती काठी धरायची हे हातांना पाठ झालं पाहिजे.

तपासा: परत घडी घालताना काठ्यांचे सांधे पुसले का? सांध्यात वाळू राहिली की काठी अडकून बसते.

## ९. पोचल्यावर उभारायचा क्रम

गाडीतून उतरल्या उतरल्या टेंट उघडू नका. दहा मिनिटं उभे राहा, वारा कुठून येतोय बघा, आधी आलेल्यांना विचारा की संध्याकाळी कुठून येतो. गाडी असेल तर वाऱ्याच्या बाजूला आडवी लावा.

१. जागा झाडून खडे-काटे काढा. खाली ताडपत्री टाका, पण तिची कड टेंटच्या बाहेर डोकावता कामा नये, दुमडून आत घाला.

२. टेंट घडीतच ठेवून, अरुंद किंवा बुटकी बाजू वाऱ्याकडे आणि दार उलट बाजूला येईल असा ठेवा.

३. वाऱ्याकडचे दोन कोपरे आधी ठोका. काठ्या घालायच्या आधी. हे उलटं केलं की उभा टेंट हातातून सुटतो, आणि सुटलेला टेंट पळत जाऊन पकडता येत नाही.

४. मग काठ्या, मग बाकीचे कोपरे, लगेच आत जड बॅगा चारही कोपऱ्यात.

५. फ्लाय टाका, दोऱ्या ताणा. दोरी जमिनीशी साधारण ४५ अंशात, खुंटी टेंटपासून बाहेर झुकलेली आणि वाकापर्यंत आत गेलेली.

६. झालरीवर वाळू किंवा माती. खुंट्यांना रंगीत चिंध्या.

७. शेवटी सावलीचं नेट. वारा जास्त असेल तर नेट दुसऱ्या दिवशी पहाटे लावा, पहाटे वारा पडलेला असतो.

सांभाळा: "आधी जेवून घेऊ, मग दोऱ्या बांधू" असं करू नका. नुसता उभा केलेला टेंट सोडून कोणीही हलायचं नाही.

## १०. रोज आणि परत आल्यावर

बुटं दाराबाहेर, पण पिशवीत, नाहीतर त्यातच वाळू भरते. दाराशी जाड पायपुसणं. सकाळी बाहेर पडताना अंथरुणावर मोठी चादर टाकून जायची, संध्याकाळी ती चार कोपरे धरून गोळा करून बाहेर झटकायची, आत झटकायची नाही. टेंट सोडताना ऊन असो की नसो, सगळे पडदे बंद. गरम टेंट संध्याकाळी तासाभरात निवतो, धुळीने भरलेला तीन दिवस साफ होत नाही. रोज सूर्य मावळायच्या आधी सगळ्या दोऱ्या हाताने दाबून बघा, दिवसभराच्या वाऱ्याने त्या सैल पडलेल्या असतात.

घरी आल्यावर टेंट लगेच पाण्यात घालू नका. आधी कोरडा झाडा, चेन ब्रशने साफ करा, मग साध्या पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा. राजस्थानातल्या थर वाळवंटाच्या वाळूला एवढं पुरतं. ब्लॅक रॉकची धूळ क्षारयुक्त असल्याने चेन आणि काठ्या खाते, तिथून आलेला टेंट चार भाग पाण्यात एक भाग पांढरं व्हिनेगर घालून त्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा आणि लगेच साध्या पाण्याने धुऊन टाका. वॉशिंग मशीन आणि गरम पाणी दोन्ही वर्ज्य.

पूर्ण वाळल्यावर सैल घडी घालून सुती पिशवीत ठेवा आणि पिशवी पत्र्याच्या पेटीत, माळ्यावर उघडी टाकली तर उंदीर पहिली जाळीच कुरतडतात. ठेवण्याआधी खुंट्या मोजा, वाकलेल्या सळया सरळ करायला देऊन टाका, आणि काय हरवलं, काय फाटलं याची चिठ्ठी पिशवीतच ठेवा.